शहराचा केरकचरा आणि शेतीचे खत : मुंबईच्या उपनगरांतील अनुभवावरून घ्यावयाचा धडा

शेतात पिकलेले धान्य, भाजीपाला व फळे दररोज गाड्या भरभरून शहराकडे जातात. परंतु त्यांची सालपटे, देठ, खरकटे व नासका माल शेताकडे परत येत नाही. पिकाबरोबर जमिनीतील सेंद्रिय द्रव्य व अन्नांश शहरात जाऊन पडतात आणि तेथे ते संपत्ती न होता उपद्रव होतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिल्यास ही एकमार्गी वाहतूक म्हणजे जमिनीच्या भांडवलाची सततची झीज होय.

वसई, भिवंडी, कल्याण, पनवेल या बाजूंकडील अनेक गावांचे आज झपाट्याने उपनगरांत रूपांतर होत आहे. पूर्वी प्रत्येक घरामागे उकिरडा असे व त्याचे खत वर्षातून एकदा शेतात जात असे. आता घरे दाटली, उकिरड्याची जागा गेली आणि केरात प्लास्टिक, काच, विजेऱ्या व औषधांची वेष्टने मिसळू लागली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड ही ठिकाणेही एके काळी गावेच होती. त्यांच्यावर आलेला प्रसंग उद्या आपल्या गावावर येणार असल्याने त्यांचा अनुभव ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी नीट समजावून घ्यावा, या हेतूने हा पाठ दिला आहे. यात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. शहरी कचऱ्याचे खत शेतकऱ्याने घ्यावे काय, हा पहिला. आणि केरकचऱ्यापासून खत करण्याचा उद्योग टिकतो कशाने, हा दुसरा.

१. कचरा दूर नेऊन टाकण्याची पद्धत

मुंबईने प्रथम जो मार्ग धरला तो कचरा वस्तीपासून दूर नेऊन खाजणात टाकण्याचा. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा रेल्वेचा फाटा १९०६ मध्ये घालण्यात आला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठीच. प्रवाशांसाठी तो १९२४ मध्ये खुला झाला. देवनारच्या क्षेपणभूमीचा वापर १९२७ पासून चालत आलेला असून तिचा विस्तार सुमारे १३२ हेक्टर आहे. पुढे मुलुंड येथे १९६७ च्या सुमारास व बोरिवलीजवळ गोराई येथे १९७२ मध्ये अशाच क्षेपणभूमी सुरू झाल्या.

ज्या वेळी या जागा निवडल्या त्या वेळी त्या गावाबाहेर होत्या. परंतु शहर वाढत गेले आणि कचऱ्याचे डोंगर घरांच्या अंगणात आले. ओला व सुका कचरा एकत्र दाबून ठेवला म्हणजे आतील हवा संपते, हवेशिवाय कुजण्याची क्रिया सुरू होते व मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. पावसाचे पाणी ढिगातून झिरपताना आतील घाण व धातूंचे अंश विरघळवून बरोबर नेते. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली व धुरामुळे आसपासच्या शाळाही बंद ठेवाव्या लागल्या. ज्या पदार्थाचे तीन महिन्यांत खत झाले असते, तोच चुकीच्या रीतीने साठविल्यामुळे लोकांच्या फुप्फुसांत गेला.

गोराईची क्षेपणभूमी २००७ मध्ये बंद करण्यात आली. सुमारे २० हेक्टरांवरील ढिगास उतार देऊन, पाणी आत न शिरणारे आच्छादन घालून व आतील वायू गोळा करण्याची व्यवस्था करून २००९ मध्ये ती शास्त्रीय पद्धतीने मिटविण्यात आली. मुलुंडची सुमारे २४ हेक्टरांची क्षेपणभूमी ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाली. तेथे साठलेला सुमारे ७० लाख टन जुना कचरा उकरून, चाळून व वेगळा करून जागा मोकळी करण्याचे काम महानगरपालिकेने हाती घेतले. त्यानंतर शहराच्या कचऱ्याचा मोठा भार कांजूरमार्गच्या प्रक्रिया केंद्रावर पडला.

यावरून पहिला धडा असा की, कचरा दूर टाकल्याने तो नाहीसा होत नाही. तो टाकण्यास जो खर्च येतो त्याच्या कितीतरी पट खर्च पुढील पिढीस तो उकरण्यास येतो. ज्या ग्रामपंचायती आज ओढ्याकाठी किंवा गायरानात ट्रॉल्या रिकाम्या करीत आहेत त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

२. उगमापाशी वेगळा करण्याची पद्धत

दुसरा मार्ग उपनगरांतील नागरिकांनी व कष्टकरी स्त्रियांनी दाखविला. घाटकोपर येथील जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९७ च्या सुमारास आपल्या गल्लीची स्वच्छता स्वतः अंगावर घेतली. घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा ठेवावयाचा आणि ओल्याचे खत गल्लीतच करावयाचे, असा क्रम त्यांनी बसविला. महानगरपालिकेच्या प्रगत परिसर व्यवस्थापन योजनेस याच प्रयत्नातून नमुना मिळाला व पुढे अनेक वस्त्यांत तशी मंडळे स्थापन झाली. जेथे दोन-चार जाणती माणसे चिकाटीने मागे लागली तेथे काम टिकले. जेथे ती गेली तेथे डबे पुन्हा एक झाले, हेही या मंडळांच्या बाबतीत दिसून आले.

१९७५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये परिसर विकास हा कार्यक्रम हाती घेतला. कचराकुंड्यांतून व क्षेपणभूमीवरून कागद, पत्रा व प्लास्टिक वेचून पोट भरणाऱ्या स्त्रियांना संघटित करणे, त्यांना ओळखपत्रे मिळवून देणे, खत तयार करण्याचे, बागकामाचे व बायोगॅस संयंत्र चालविण्याचे शिक्षण देणे आणि त्यांच्या सहकारी संस्था उभारून त्यांना वसाहतींची कामे मिळवून देणे, असे त्या कार्यक्रमाचे स्वरूप आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले निसर्गऋण संयंत्र चालविण्याचे कामही या स्त्रियांनी आत्मसात केले. या संयंत्रात ओल्या कचऱ्याचा रबडा प्रथम उष्ण व हवेशीर टाकीत कुजवितात व नंतर हवाबंद टाकीत सोडतात. त्यातून जळणाचा वायू मिळतो आणि उरलेल्या गाळाचे खत होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. ज्या स्त्रिया उन्हात, दुर्गंधीत व काचांत हात घालून शहराचा सुका कचरा कारखान्यांपर्यंत पोचवीत होत्या, त्या कित्येक दशके कोणाच्याही खातेवहीत नव्हत्या. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग वेगळे ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली. त्याचबरोबर कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावे व सेवेबद्दल शुल्क आकारावे, असेही त्यांत सांगितले. गावात नवी योजना आखताना यंत्राचा विचार आधी व या माणसांचा मागाहून, असा क्रम ठेवू नये.

मुंबई महानगरपालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दररोज १०० किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्या वसाहतींनी व उपाहारगृहांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आपल्या आवारातच लावावी, असे फर्माविले. तथापि अनेक वसाहतींना मुदत वाढवून द्यावी लागली. कोणी यंत्र घेतले पण चालविणारा माणूस नेमला नाही. कोणी खड्डा केला पण पालापाचोळा साठविला नाही. यावरून केवळ आदेशाने खत होत नाही, त्यास रोजची निगा लागते, हे दिसून येते.

३. उद्योग टिकतो कशावर

खत विकून कचऱ्याचा उद्योग चालेल, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती तपासून पाहण्यासाठी एक हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने ते आपल्या गावाप्रमाणे बदलून पाहावेत.

समजा, एका वसाहतीत ४०० कुटुंबे आहेत व प्रत्येक कुटुंबाचा ओला कचरा दररोज अर्धा किलो निघतो. म्हणजे दिवसाला २०० किलो झाले. कुजताना पाणी व वायू निघून जाऊन वजन सुमारे पाचव्या हिश्श्यावर येते, असे धरल्यास दिवसाला ४० किलो व वर्षाला सुमारे साडेचौदा टन खत मिळेल. किलोस ५ रुपये दराने सर्व खत खपले तरी वर्षाचे उत्पन्न ७३,००० रुपये, म्हणजे महिन्यास सुमारे ६,००० रुपये होते. एवढ्यात एका माणसाचीही पुरेशी मजुरी सुटत नाही. परंतु प्रत्येक कुटुंबाने कचरा उचलून त्याचे खत केल्याबद्दल महिन्यास ५० रुपये दिले, तर २०,००० रुपये जमतात. त्यात खताची विक्री व सुक्या कचऱ्याचे भंगारमोल मिळविले म्हणजे दोन माणसांचे काम उभे राहू शकते.

याचा अर्थ असा की, या उद्योगाचा मुख्य माल खत नसून स्वच्छतेची सेवा हा आहे. खत हा जोड माल होय. ज्या योजना केवळ खताच्या विक्रीवर विसंबतात त्या खताचा खप मंदावला की बंद पडतात. ज्या योजनांत घरांकडून शुल्क येते आणि कचरा दूर वाहून न्यावा न लागल्यामुळे वाचलेल्या खर्चाचा वाटा पंचायत देते, त्या टिकण्याचा संभव अधिक असतो.

वाहतुकीचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. खत नियंत्रण आदेशातील मानकांप्रमाणे शहरी कंपोस्टमध्ये नत्राचे किमान प्रमाण ०.८ टक्के धरल्यास एका टनात ८ किलो नत्र मिळते. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत जवळजवळ २१ किलो नत्र असते. म्हणजे एका गोणीइतके नत्र आणावयाचे तर अडीच टनांहून अधिक कंपोस्ट वाहावे लागेल, आणि त्यातील नत्रही पहिल्याच हंगामात सर्व उपलब्ध होत नाही. म्हणून कंपोस्ट हे युरियाला पर्याय म्हणून विकणे ही शेतकऱ्याची फसवणूक होईल. त्याची खरी किंमत निराळी आहे. १२ टक्के सेंद्रिय कर्ब असल्यास एका टनातून १२० किलो कर्ब जमिनीस मिळतो. त्यायोगे जमीन भुसभुशीत होते, ओल धरून ठेवते, जिवाणूंना अन्न मिळते व घातलेल्या रासायनिक खताचाही अधिक उपयोग होतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये शहरी कंपोस्टच्या विक्रीस टनामागे १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, त्यामागे हीच अडचण होती. माल अवजड व किंमत अल्प असल्याने तो दूर नेणे परवडत नाही. म्हणून खत जेथे तयार होते त्याच्या जवळच ते वापरले गेले पाहिजे, आणि गावाचे खत गावातच करणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

४. खत करण्याची रीत

या शास्त्रात आपल्या भागाची परंपरा मोठी आहे. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथे केलेल्या प्रयोगांवरून १९३१ मध्ये इंदूर पद्धत प्रसिद्ध केली. डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये शहरातील केर व मैला यांसाठी बंगलोर पद्धत बसविली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे शेतकरी नारायण देवताव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची जी रीत काढली ती त्यांच्या आद्याक्षरांवरून नाडेप या नावाने देशभर पसरली.

नाडेपची टाकी विटांची, १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असून हवा खेळण्यासाठी भिंतींत भोके ठेवलेली असतात. तीत सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण व १,७५० किलो चाळलेली माती यांचे थर पाणी शिंपडून भरतात व वरून शेणमातीने लिंपून घेतात. साधारण तीन ते चार महिन्यांत खत तयार होते.

स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजविताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

(अ) कर्ब व नत्र यांचा मेळ. खरकटे व भाजीचे देठ यांत नत्र व पाणी अधिक असते. वाळलेला पालापाचोळा, भुसा, तूस यांत कर्ब अधिक असतो. नत्राच्या एका भागास कर्बाचे २५ ते ३० भाग असे प्रमाण आरंभी असावे. व्यवहारात ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढ्याच आकारमानाचा वाळलेला पाला पसरावा. शहरात खड्डे बिघडतात ते बहुधा पाल्याच्या अभावी. उन्हाळ्यातील पानगळ जाळून न टाकता पोत्यांत भरून पावसाळ्यासाठी राखून ठेवावी.

(आ) ओल. मूठभर मिश्रण दाबले असता बोटांतून पाणी गळू नये, पण हात ओला व्हावा. कोकणातील पावसात खड्ड्याऐवजी जमिनीवरील टाकी व तीवर छप्पर असणे अवश्य आहे.

(इ) हवा व उष्णता. ढीग तीन-चार दिवसांत तापला पाहिजे. आतील उष्णतामान ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस राहिल्यास रोगजंतू व तणांचे बी मरते. इंदूर पद्धतीप्रमाणे पहिली चाळवण पंधरवड्याने, दुसरी आणखी पंधरवड्याने व तिसरी त्यानंतर एका महिन्याने करावी. आंबूस वास येऊ लागल्यास हवा कमी पडली असे समजून पाला मिसळून चाळवावे.

(ई) वर्ज्य पदार्थ. विजेऱ्या, दिव्यांच्या नळ्या, रंगाचे डबे, औषधे, रंगीत छपाईचा चकचकीत कागद व प्लास्टिक यांपैकी काहीही टाकीत जाता कामा नये. एकदा मिसळलेले शिसे कोणत्याही चाळणीने निघत नाही.

५. बाहेरचे खत घेताना करावयाची तपासणी

शहरातून आलेले खत नाकारू नये, तसेच डोळे मिटून घेऊही नये. खत नियंत्रण आदेश, १९८५ यात शहरी कंपोस्टसाठी जी मानके घातली आहेत त्यांतील मुख्य अशी : ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, कर्ब-नत्र प्रमाण २० पेक्षा कमी, सामू ६.५ ते ७.५, कमीत कमी ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे, दुर्गंधी नसावी. जड धातूंची कमाल मर्यादा एका किलोत शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम, आर्सेनिक १० मिलिग्रॅम व पारा ०.१५ मिलिग्रॅम अशी आहे. विक्रेत्याकडून तपासणीचा दाखला मागण्याचा शेतकऱ्यास हक्क आहे व तो त्याने संकोच न करता बजवावा.

घरच्या घरी पुढील परीक्षा करता येतात. मूठभर खत ओले करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन-चार दिवस ठेवावे. उघडल्यावर कुबट वास आला किंवा पिशवी फुगली तर खत कच्चे आहे असे समजावे. दोन कुंड्या घेऊन एकीत नुसती माती व दुसरीत निम्मी माती व निम्मे खत घालावे व दोहोंत २०-२० मेथीचे दाणे पेरावेत. खताच्या कुंडीत उगवण स्पष्टपणे कमी दिसल्यास तो माल घेऊ नये. चाळणीवर काच व प्लास्टिकचे तुकडे राहतात काय तेही पाहावे. अनवाणी निंदणी करणाऱ्या बायकांच्या पायांत ती काच जाणार आहे, हे विसरू नये. मात्र जड धातू या घरगुती परीक्षांत कळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेचा दाखलाच पाहिजे.

पहिल्या वर्षी सबंध शेतावर खत न टाकता दोन गुंठ्यांत टाकून पाहावे. गुंठ्यास ५० किलो म्हणजे हेक्टरी सुमारे ५ टनांचे प्रमाण होते. शेजारी तेवढाच तुकडा खताशिवाय ठेवून दोन्हींच्या पिकाची व जमिनीच्या ओलीची तुलना करावी. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना पूर्ण मुरलेले खतच, तेही पेरणीपूर्वी मातीत मिसळून द्यावे.

६. जुन्या ढिगाऱ्याच्या मातीबद्दल इशारा

जुन्या क्षेपणभूमी उकरून चाळल्यावर काळसर, भुसभुशीत अशी बारीक माती मोठ्या प्रमाणावर निघते. दिसावयास ती खतासारखी असते व कदाचित विनामूल्यही मिळू शकेल. परंतु ज्या कचऱ्यात कित्येक वर्षे विजेऱ्या, रंग, चामडे व कारखान्यांचा गाळ एकत्र पडला, त्याची माती आणि वेगळ्या ठेवलेल्या ओल्या कचऱ्याचे खत या दोन भिन्न वस्तू होत. अशी माती खड्डे बुजविण्यास किंवा भरावास, तीही तपासणीनंतर, वापरता येईल. प्रयोगशाळेने मानकांत बसल्याचा दाखला दिल्याखेरीज ती अन्नधान्याच्या शेतात पडू देऊ नये. फुकट आलेल्या दहा ट्रकांनी बिघडलेली जमीन शुद्ध करण्यास एक आयुष्य पुरत नाही. गावात असा माल आल्यास कार्यकर्त्यांनी तो उतरविण्यापूर्वीच कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांस कळवावे.

७. कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

प्रथम एका आळीतील वीस-पंचवीस घरे निवडावीत व आठ दिवस दररोज तेथील ओला व सुका कचरा वेगवेगळा तोलून नोंद ठेवावी. त्या नोंदीवरून किती टाक्या, किती पाला व किती मनुष्यबळ लागेल हे ठरवावे. काम शक्यतो गावातील महिला बचत गटाकडे किंवा आधीपासून भंगार वेचणाऱ्या कुटुंबांकडे सोपवावे. त्यांना हातमोजे, पादत्राणे व ठरलेल्या तारखेस मजुरी मिळेल अशी तजवीज करावी. शुल्काचा ठराव ग्रामसभेत करून जमाखर्च दरमहा फळ्यावर लावावा. तयार खत प्रथम शुल्क देणाऱ्या घरांना व गावच्या शेतकऱ्यांना द्यावे. एक आळी सहा महिने नीट चालल्यावरच दुसरी घ्यावी. एकदम सबंध गावाची योजना आखून मोठे यंत्र आणण्याची घाई करू नये.

देवनार, मुलुंड व गोराई येथील ढीग एका दिवसात झालेले नाहीत. प्रत्येक घरातून निघालेली एकेक बादली, वेगळी न करता टाकल्यामुळे, ते झाले. तीच बादली दोन डब्यांत विभागली गेली तर ओल्या डब्यातील माल तीन-चार महिन्यांत आपल्याच बांधावर खत होऊन येतो. येत्या पानगळीपूर्वी प्रत्येक गावात निदान एक टाकी बांधून भरली जाईल, असा प्रयत्न सर्वांनी करावा.

पाठावरील प्रश्न

१. मिश्र कचऱ्याच्या ढिगात आग लागण्याचा संभव का असतो?
२. आपल्या आळीतील कुटुंबसंख्या घेऊन ओला कचरा, त्यापासून होणारे खत व लागणारे मासिक शुल्क यांचा हिशेब मांडा.
३. कंपोस्ट खताची तुलना युरियाशी करणे योग्य का नाही?
४. जुन्या क्षेपणभूमीची चाळलेली माती शेतात टाकण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?